पदवीचा नवा विषय आणि प्रवरेचा जुना कालवा

मंडळी, आजच्या विषयाचं नाव ‘पदवीला सार्वजनिक धोरण’ असं छापलं गेलं, त्यामुळे काही पालक प्रवेशाची माहिती मिळेल म्हणून आलेले दिसतात. ती आधी सांगून टाकतो. बारावीनंतर ‘पब्लिक पॉलिसी’ हा मुख्य विषय घेऊन पदवी करता येते. पुण्याजवळच्या फ्लेम विद्यापीठात तो आहे. राहात्याकडची मुलं-मुली मात्र बहुधा राज्यशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र घेऊन बी.ए. होतात. पहिल्यात सरकार कसं बनतं ते शिकवतात, दुसऱ्यात पैसा कसा फिरतो ते. सरकारने एक निर्णय घेतला आणि त्याचं एका गावात नेमकं काय झालं, हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. या प्रश्नाचा अभ्यास महाराष्ट्रात कसा सुरू झाला ते मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही.

सुरुवात पुण्यातून झाली. नामदार गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, पण सरकारी आकडे कसे वाचायचे हे ते गणेश व्यंकटेश जोशी नावाच्या एका शाळामास्तरांकडून शिकले. 1897 साली वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेल्या साक्षीमागे ही तालीम होती. गोखल्यांच्या नावाने 1930 साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. केंब्रिजला शिकलेला, 1924 सालीच भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर पुस्तक लिहिलेला हा माणूस. पण पुढे त्याने संशोधक पाठवले ते बांधावर.

आता कालव्याकडे येऊ. 1876 आणि 1899 च्या दुष्काळांनी दख्खनची माणसं आणि गुरं मारली. 1901 ते 1903 च्या सिंचन आयोगानंतर सरकारने कोरड्या टापूत कालवे काढायचं ठरवलं. नांदूर मधमेश्वरहून गोदावरीचे कालवे निघाले, भंडारदऱ्याला धरण बांधून 1926 साली पुरं झालं, आणि प्रवरेचा डावा कालवा लोणीच्या बाजूने वाहू लागला. ही कामं ‘संरक्षक’ होती, म्हणजे दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी यासाठी. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी मागायचा नाही. पाणीपट्टी बुडायची. मग सरकारला बारमाही पाणी घेणारं गिऱ्हाईक लागलं, आणि ते उसाच्या रूपाने मिळालं. ब्लॉक पद्धत आली. खाजगी कारखाने आले, बेलापूर कंपनीने हरेगावला बस्तान मांडलं आणि शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. ‘खंडकरी’ हा शब्द या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही.

तरीही सरकारी हिशेबात हे कालवे तोट्यातच दिसत. घातलेल्या भांडवलावर पट्टीतून पुरेसं व्याज सुटत नव्हतं. मग असे कालवे पुन्हा काढायचे की नाही? गाडगीळांनी याच प्रश्नावर गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा साधा होता, पण तेव्हा तो कुणी आकड्यात मांडत नव्हतं. कालव्याचा फायदा फक्त सरकारी तिजोरीत का शोधायचा? पाण्याखालची गावं घ्या, शेजारची जिरायती गावं घ्या, आणि तुलना करा. एका एकराला मजुरी किती पडते, पीक किती येतं, आणि त्या पिकावर गाडीवान, गुऱ्हाळवाला, अडत्या, दुकानदार असे किती संसार चालतात? याला त्यांनी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदा म्हटलं. आज पदवीच्या वर्गात ‘खर्च-लाभ विश्लेषण’ म्हणून जे शिकवतात, त्याचं भारतातलं हे फार सुरुवातीचं काम आहे.

अहवाल लिहून गाडगीळ पुण्यात बसले नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल जमवत होते, आणि लोणीच्या सहकारी कारखान्याचं अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारलं. 1950 च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. ‘आशियातला पहिला’ असं आपण अभिमानाने म्हणतो. तसा प्रयोग आंध्रात आधी झाला होता, पण देशाने गिरवला तो हा कित्ता. अभ्यासकाने स्वतःच संस्था चालवायला घ्यावी का, यावर वाद होऊ शकतो. आपल्याच निष्कर्षाकडे मग त्रयस्थपणे बघता येतं का? मला वाटतं, गाडगिळांची किंमत त्यामुळे वाढली, पण वर्गात हा प्रश्न मुलांपुढे जरूर ठेवावा.

आणि एक बाजू मागेच राहिली. ज्या जिरायती गावांशी तुलना झाली, तशी गावं याच परिसरात कोरडीच राहिली. त्यांच्यासाठी निळवंडे प्रकल्पाला 1970 साली मंजुरी मिळाली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 रोजी. त्रेपन्न वर्षं! मंजुरीच्या साली जन्मलेल्या माणसाला तोवर नातवंडं झाली. दरम्यान 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आला. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीने टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं, आणि दर वेळी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असं भांडण पेटतं. आपल्याकडे त्या कायद्याला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात, कलम वाचलेले फार थोडे. पैठणच्या शेतकऱ्याचा युक्तिवाद नेमका तोच आहे, जो निळवंड्याच्या लाभक्षेत्रातला शेतकरी पन्नास वर्षं आपल्या कालव्यावरच्या भावाला ऐकवत होता.

निळवंड्याचं पाणी आता नुकतंच पोचू लागलंय. म्हणजे गाडगिळांना मिळाली नव्हती ती संधी आहे: कालवा येण्याआधीचं गाव माणसांच्या आठवणीत आणि सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत अजून ताजं आहे. पीक, मजुरी, कर्ज, विहिरीची पातळी, मुलींची शाळा, हे सगळं बी.ए.च्या मुलांना एका उन्हाळ्यात घरोघर जाऊन नोंदवता येईल. विषयाचं नाव पदवीवर काय छापलंय त्याने यात अडत नाही. प्रश्नावली मराठीत कशी करायची, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.