खेळण्याची पेटी आणि जुळणीची विद्या

मनोरंजनासाठीं बनविलेलें यंत्र जुनें झालें म्हणजे त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. विहिरीवरचा रहाट मोडला किंवा घरांतलें जातें बिघडलें तर तें लगेच दुरुस्त करून घ्यावें लागतें. कारण त्यावांचून संसाराचा गाडा अडतो. खेळाच्या यंत्रावांचून कोणाचेंच कांहीं अडत नाहीं. म्हणून तें आधीं अडगळींत जातें, तेथून जुन्या बाजारांत जातें, आणि बहुधा भंगारांत त्याचा शेवट होतो. परंतु या वाटेवर तें एखाद्या जिज्ञासू नवशिक्याच्या हातीं लागलें, आणि त्यानें तें नुसतें चालवून पाहण्याऐवजीं उघडून पाहिलें, तर मात्र कधीं कधीं इतिहास घडतो. महाराष्ट्रांतील चित्रपटकलेचा आरंभ असाच झाला. आणि त्या आरंभाची पूर्वतयारी जेथें झाली ती जागा शोधूं गेल्यास ती एखाद्या नाटकगृहांत सापडत नाहीं, ती मावळांत, लोणावळ्याच्या परिसरांत सापडते.

बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला आणि मुंबई व पुणें हीं दोन शहरें सलग रुळांनीं जोडलीं गेलीं. घाट चढून आलेली आगगाडी लोणावळें सोडून पुण्याकडे निघाली कीं पुढचें स्टेशन मळवली. एका अंगास कार्ल्याचीं लेणीं, दुसऱ्या अंगास भाजें आणि लोहगड-विसापूरची जोडी, आणि मध्यें भाताचीं खाचरें. राजा रविवर्मा यांनीं आपलीं चित्रें घरोघर पोंचावीं म्हणून १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला होता. १८९६ पासून मुंबई प्लेगनें हैराण झाली. आणि शतक सरतां सरतां हा छापखाना मळवलीस आला. पुढें थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानें तो विकत घेतला. दिवाणखान्यांतील आणि देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीचीं जीं रंगीत चित्रें पुढें पिढ्यान् पिढ्या पूजिलीं गेलीं, त्यांतील कितीएक या मावळी खेड्यांत कागदावर उतरलीं.

शिळाछाप म्हणजे दगडावरून केलेली छपाई. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनें किंवा शाईनें चित्र काढावयाचें आणि मग शिळा ओली करावयाची. तेल आणि पाणी यांचें हाडवैर. त्यामुळें कोऱ्या भागावर पाणी राहतें आणि चित्राच्या रेषांवरच शाई बसते. परंतु रंगीत चित्रास एक शिळा पुरत नाहीं. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागते, आणि तोच कागद एकामागून एक अशा अनेक शिळांवरून जावा लागतो. या प्रवासांत कागद किंचित् सरकला तर ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो आणि साडीचा कांठ साडी सोडून बाहेर पडतो. प्रत्येक ठसा आधींच्या ठशावर बिनचूक बसविणें, हीच रंगांची जुळणी. खिळ्यांची जुळणी निराळी. ही त्याहून सूक्ष्म. रंगीत छपाईचें सारें मर्म तिच्यांत आहे, आणि हलत्या चित्रांचें मर्महि तिच्यांतच आहे.

या विद्येच्या सान्निध्यांत धुंडिराज गोविंद फाळके आले, तेव्हां ते कोणत्याहि एका धंद्यांत स्थिरावलेले नव्हते. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेला हा गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकला, बडोद्याच्या कलाभवनांत शिकला, त्यानें छायाचित्रें काढलीं, नाटकांचे पडदे रंगविले, आणि आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें जादूचे प्रयोगहि केले. गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा चालवीत असतां प्लेगनें त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलें. पुढें पुराणवस्तु खात्यांत त्यांनीं छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली. आणि बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचें वारें वाहूं लागलें तेव्हां ती सोडून त्यांनीं लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीं छायाचित्रावरून शिळेवर चित्र उतरविण्याचें काम हा या छापखान्याचा मुख्य उद्योग होता. पुढें ठसे करणें आणि तिरंगी छपाई हींहि कामें त्यांत होऊं लागलीं. धंदा वाढला, छापखाना दादरला गेला, भागीदार आले, १९०९ सालीं फाळके रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं जर्मनीस जाऊन आले. आणि त्यानंतर भागीदारांशीं न पटून ते रिकाम्या हातांनीं बाहेर पडले. हात रिकामे होते. पण त्या हातांना प्रकाश, रसायन आणि जुळणी या तिन्हींची संवय झाली होती.

याच सुमारास जगभर मनोरंजनाची एक नवी पेटी आपलें रूप पालटीत होती. एडिसनच्या कारखान्यांतून निघालेली ‘किनेटोस्कोप’ ही लांकडी पेटी माणसाच्या छातीइतकी उंच असे. वरच्या झरोक्यास डोळा लावला म्हणजे आंत सुमारें पन्नास फूट फिल्म फिरतांना दिसे, आणि मल्लांची किंवा नर्तकीची क्षणभर हालचाल पाहावयास मिळे. १४ एप्रिल १८९४ रोजीं न्यूयॉर्कमध्यें अशा दहा पेट्यांची पहिली खोली लोकांसाठीं उघडली. पैसे टाकून खेळ पाहण्याच्या किंवा खेळण्याच्या ज्या दालनांची परंपरा पुढें व्हिडिओ गेमपर्यंत आली, तिचें एक मूळ येथें आहे. पेटींत एक उणेपणा होता: एका वेळीं एकानेंच पाहावें. लंडनमधील यंत्रकार रॉबर्ट पॉल यास या पेटीच्या प्रतिकृति करण्याचें काम मिळालें. एडिसननें इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलेलें नाहीं असें त्यास आढळलें. त्यानें पेटी उघडली, नक्कल केली, आणि १८९६ सालीं पडद्यावर चित्रें पाडणारें स्वतःचें यंत्र उभें केलें. त्याच वर्षीं ७ जुलैस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविलीं गेलीं. महाराष्ट्रासहि हा नाद अगदीं अपरिचित नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं त्यापूर्वींच जादूच्या कंदिलावर हातानें रंगविलेल्या कांचा पालटून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवाचे खेळ सुरू केले होते. स्थिर चित्रांच्या कंदिलाकडून त्यांनीं हालचालीचा भास करवून घेतला. तोहि एक यंत्रपालटच होय.

१९११ च्या ईस्टरच्या दिवसांत फाळक्यांनीं गिरगांवांतील एका तंबूवजा चित्रगृहांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या पुराणांतील कथा अशाच पडद्यावर याव्यात असें त्यांच्या मनानें घेतलें. पहिलें पाऊल मात्र मोठें नव्हतें. त्यांनीं एक स्वस्त, खेळण्यांतला सिनेमा आणि कांहीं फिल्मचे तुकडे मिळविले. मेणबत्तीचा उजेड भिंगांतून पाडून ते रात्रीं घराच्या भिंतीवर चित्रें पाहात बसत. मुलांच्या खेळण्याकडे पाहण्याची ही वयस्क माणसाची तऱ्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचित्रच वाटली असेल. पण ते खेळत नव्हते. फिल्म थांबते कशी, पुढें सरकते कशी, आणि दोन चित्रांमधला अंधार डोळ्यास कां दिसत नाहीं, हें ते शिकत होते. रोज चार-पांच तास चित्रपट पाहणें, उरलेल्या वेळांत प्रयोग, आणि झोंपेची हेळसांड यांचा परिणाम डोळ्यांवर झाला व कांहीं काळ दृष्टि जाण्याची वेळ आली. औषधोपचारानें ती परत आली. मग विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून, १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनला निघाले. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत त्यांनीं काम पाहिलें आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, छिद्रें पाडण्याचें यंत्र व कोडॅकची कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते १ एप्रिलला परतले.

येथें लोणावळ्याची विद्या कामास आली. त्या काळीं कच्ची फिल्म छिद्रांवांचून येत असे. तीं अंधारांत घरींच पाडावीं लागत, आणि तें काम सरस्वतीबाई फाळके करीत. एका चौकटीस दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रें. एका फुटांत सोळा चौकटी. म्हणजे फुटास १२८ छिद्रें. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट धरली तर एकाच प्रतीस साडेचार लाखांहून अधिक छिद्रें होतात. यांतील अंतर थोडें चुकलें तर पडद्यावरचें चित्र थरथरतें; जसा शिळेवर कागद सरकला तर रंग विसकटतो. छिद्र म्हणजे फिल्मची जुळणी. ज्यानें शिळेवर रंगावर रंग बसविला होता, त्यास चौकटीवर चौकट कां बसली पाहिजे हें कोणी सांगावें लागलें नाहीं. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो चित्रपट लोकांसमोर आला.

त्याचा सर्वांत फलदायी परिणाम कोल्हापुरांत झाला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतबंधु सुतारकाम, लोहारकाम व चित्रकला नांदणाऱ्या मिस्त्री घराण्यांतले, नाटकांचे पडदे रंगविणारे. परदेशीं जाण्याइतका पैसा त्यांच्यापाशीं नव्हता. त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रें दाखविण्याचें एक वापरलेलें यंत्र आणलें, आणि त्याच्या अभ्यासावरून चित्रें घेणारें यंत्र बनविण्याचा घाट घातला. ही कल्पना वाटते तितकी वेडी नव्हती. दोन्ही यंत्रांचें काळीज एकच असतें: छिद्रांत दांत अडकवून फिल्म एक चौकट खेंचणें, क्षणभर निश्चल ठेवणें, आणि ती सरकत असतां झडप मिटून घेणें. फरक एवढाच कीं एका यंत्रांत प्रकाश आंतून बाहेर जातो आणि दुसऱ्यांत बाहेरून आंत येतो. ल्यूमिएर बंधूंचें मूळ यंत्र हीं दोन्हीं कामें करीत असे. पण हा ‘एवढाच’ फरक फार मोठी मेहनत मागतो. दाखविण्याच्या यंत्राच्या फटींतून उजेड गळला तरी चालतें. घेणाऱ्या यंत्रांत सुईएवढी फट राहिली तरी सारी फिल्म काळवंडते. म्हणून पेटी पूर्ण अंधारी करावी लागते, भिंग निराळें बसवावें लागतें, झडपेची वेळ नव्यानें साधावी लागते. हें काम चालू असतांच १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं तें सोडलें नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ सालीं कॅमेरा सिद्ध झाला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यास आर्यन चित्रगृहांत झळकला. याच मंडळींतून पुढें १९२९ सालीं प्रभात कंपनी उभी राहिली.

या यशाची दुसरी बाजू मात्र विसरतां येत नाहीं. जीर्णोद्धार आणि रूपांतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जीर्णोद्धारांत वस्तु पूर्वीं होती तशी परत मिळते. रूपांतरांत तिच्यापासून नवी वस्तु मिळते, पण जुनी हरपते. आरंभींच्या कारागिरांना पुढें जाण्याची घाई होती. मागचें जपण्यास उसंत नव्हती. परिणाम असा कीं बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहींत. मळवलीचा छापखाना १९७२ सालीं आगींत सांपडला. ‘राजा हरिश्चंद्र’चीं दोनच रिळें मागें राहिलीं, आणि तींहि १९१३ चीं कीं १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांनीं फाळक्यांच्या कामाचे अवशेष चिकाटीनें मिळविले, म्हणून निदान तेवढें तरी डोळ्यांस दिसतें.

हा विचार आज पुन्हा उपस्थित होण्यास एक निमित्त आहे. ज्या वर्षीं मळवलीस आग लागली, त्याच १९७२ सालीं अमेरिकेंत ‘पाँग’ हा नाण्यावर चालणारा व्हिडिओ गेम आला. त्या जातीच्या लांकडी पेट्या आतां किनेटोस्कोपइतक्याच कालबाह्य झाल्या आहेत, आणि हौशी तरुण त्या मिळवून दुरुस्त करीत आहेत. कोणी मूळ पट्टी, मूळ कांचनळी राखतो. कोणी आंतील सारें काढून टाकून लहानसा संगणक बसवितो आणि एकाच पेटींत शेंकडों खेळ भरतो. दोन्ही मार्ग सन्मान्य आहेत. पण नवशिक्यानें कोल्हापुरापासून धीर घ्यावा आणि मळवलीपासून सावधगिरी. जुन्या कांचनळींत वीज बंद केल्यावरहि प्राणघातक दाब उरूं शकतो. म्हणून तो भाग जाणत्याच्याच हातीं द्यावा. प्रत्येक तार सोडविण्यापूर्वीं तिचें चित्र काढून ठेवावें. काढलेला भाग फेंकूं नये. खूण करून त्याच पेटीच्या तळाशीं ठेवावा, म्हणजे पुढच्यास ती पूर्ववत् करतां येईल. नव्या छिद्रापेक्षां जुन्या छिद्राचा उपयोग करावा.

यंत्र विकत घेणारा त्याचा गिऱ्हाईक असतो. तें उघडणारा विद्यार्थी होतो. आणि तें उघडून, समजून, पुन्हा जुळविणारा कारागीर होतो. लोणावळ्याच्या छापखान्यापासून कोल्हापूरच्या कॅमेऱ्यापर्यंतची परंपरा ही या तिसऱ्या पायरीची परंपरा आहे. तिनें महाराष्ट्रास एक कला दिली. तिनें काय गमावलें याची आठवण ठेवून जो आज एखादी मोडकी पेटी उघडील, तो त्या परंपरेस तिच्यांत राहून गेलेली जपणुकीची जोड देईल.