शिवणकाम करणाऱ्या बाईची वंशावळ

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास एका घराण्याचा आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. तेथे १८९५ साली डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितले की, आपल्या घरची माणसे कर्करोगानेच जातात, आपणही तशाच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगाने अकाली वारलीही. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. तिची वंशावळ त्यांनी चिकाटीने जमवली व १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतून आलेल्या त्या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जणांना कर्करोगाने गाठले होते. परंतु वैद्यकविश्वाला ते पटले नाही. १९३१ मध्ये वॉर्थिन वारले आणि प्रश्न मागे पडला.

पुढे ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांना एक मद्यपी रुग्ण भेटला. घरातले सारे आतड्याच्या कर्करोगाने गेले, मीही जाणार, म्हणून पितो, असे त्याचे म्हणणे! लिंच यांनी अशा घराण्यांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये वॉर्थिन यांच्या घराण्याचीही पुढची हकीगत मांडली.

उलगडा १९९३-९४ मध्ये झाला. पेशी दुभंगताना आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. तीतल्या चुका सुधारणारी काही जनुके असतात. छापखान्यातील मुद्रितशोधकच चुकार निघाला, तर पुस्तकात अशुद्धे साचणारच! असाच दोष त्या बाईच्या घराण्यात २००० साली सापडला.

हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा. ज्याच्यात उतरला नाही, त्याच्याकडून तो पुढे जात नाही. ज्याच्यात उतरला, त्यालाही कर्करोग होईलच असे नाही. वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासले, तर अंकुर वेळीच काढता येतात. मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी सुमारे तीनच या दोषाचे असतात, हेही ध्यानी असावे.

आपल्याकडे 'आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले' एवढ्यावर विषय मिटतो. मुलीचे लग्न अडेल म्हणून पुष्कळदा मिटवलाही जातो. दुखणे कोणत्या अवयवाचे होते, वय काय होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या बाईचे ज्ञान खरे होते. तिचा निरुपाय मात्र आज उरलेला नाही.