बोटीवरचा पहिला दिवस

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने क्रूझच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? कारण सोपं आहे. आमच्या वयाची बरीच मंडळी हल्ली क्रूझला जातात. मुलं तिकिटं काढून देतात, आणि निघण्याआधी एक प्रश्न हमखास निघतो: पहिल्या दिवशी काय करायचं? त्या दिवसाचं काही वाया जाऊ नये, असं सगळ्यांनाच वाटतं. प्रश्न साधा आहे, पण उत्तरामागे दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्यातला काही भाग माणसांच्या जिवावर लिहिला गेला आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. बोटीवरचा पहिला दिवस हा ओळखीचा दिवस. बोट पायाखालून घालून ओळखायची, सोबतची माणसं ओळखायची. ज्याने हे केलं, त्याला पुढचे दिवस मजेतही जातात आणि सुरक्षितही. मजा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही.

मौजेसाठी बोटीने फिरून परत यायचं, ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधी माणूस बोटीत बसायचा तो कुठेतरी पोचायला. 1867 साली न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला निघाली. तिच्यावर मार्क ट्वेन होता. तो प्रवास त्याच्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’ या पुस्तकात आहे. गंमत अशी, की 8 जूनला बोट धक्क्यावरून सुटली खरी, पण बाहेर वादळी हवा असल्यामुळे बंदराच्या तोंडाशीच नांगर टाकून राहिली. सहलीची पहिली रात्र प्रार्थनासभेत गेली! रविवारही तिथेच गेला, आणि सोमवारी बोट खुल्या समुद्रात शिरल्यावर अनेकांना बोट लागली.

त्यानंतर जर्मनीत आल्बर्ट बालिन या जहाज कंपनीच्या माणसाने हिशेब मांडला. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी, मोठमोठी जहाजं धक्क्याला बांधून ठेवायची, खर्च मात्र चालू. मग 22 जानेवारी 1891 रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट कुक्सहाफेनहून 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीला निघाली. आजच्या क्रूझचा जन्म बरेच इतिहासकार तिथे धरतात. म्हणजे पाहा, चैनीचा हा धंदा रिकाम्या बोटींच्या चिंतेतून जन्मला.

त्या काळच्या प्रवाशाला पहिल्या दिवशीची कामं पाठ असत. ट्रंकांवर लेबलं लागत: ही केबिनमध्ये हवी, ही ‘प्रवासात नको’. ‘प्रवासात नको’ लिहिलेली ट्रंक बोटीच्या पोटात जायची, ती मुक्कामावरच दिसायची. बोटीवर पाऊल ठेवलं की जाणता प्रवासी आधी भोजनगृहाच्या माणसाला गाठायचा, कारण टेबलावरची जागा प्रवासभरासाठी ठरून जाई. मग डेकवरच्या खुर्चीची व्यवस्था. शेजारी कोण बसणार, वारा कुठून येणार, ऊन कुठे पडणार, याचा विचार पहिल्या काही तासांतच करावा लागे. उशीर करणाऱ्याला उरलंसुरलं मिळायचं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. 4 सप्टेंबर 1888. मोहनदास गांधी नावाचा तरुण ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघाला. वयाची एकोणीस वर्षं पूर्ण व्हायची होती. समुद्र ओलांडतो म्हणून मुंबईतल्या जातभाईंनी त्याला वाळीत टाकलं होतं. केबिनमध्ये जोडीला जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार. पुढची हकिगत गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे. त्यांना बोट लागली नाही. पण इंग्रजी बोलायचा सराव नाही, काटाचमचा कसा धरायचा ते ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खायची, आणि डेकवर गर्दी नसेल तेव्हा हळूच बाहेर यायचं. मजमुदार मात्र पहिल्यापासून सगळीकडे मोकळेपणाने वावरत. ते या तरुणाला सांगत राहिले, लोकांत मिसळ, चुकलं तरी इंग्रजी बोल, वकिलाची जीभ सुटलेली हवी.

या दोघांची बोट एकच, केबिन एकच, आणि प्रवास मात्र दोन वेगवेगळे. मजमुदारांनी बोट ओळखून घेतली. गांधीजींना भिंतीच तेवढ्या ओळखीच्या झाल्या. पुढे ज्यांनी अख्ख्या देशाला भीती सोडायला शिकवलं, त्यांचीही बोटीवर अशी स्थिती झाली. मग तुमच्याआमच्यासारख्यांनी संकोच वाटला म्हणून लाजायचं कारण नाही. पण पहिल्या दिवशी दार लावून घेतलं की दुसऱ्या दिवशी ते उघडणं अधिक अवघड होतं, हे यातून घ्यावं.

हा झाला माणसांच्या ओळखीचा भाग. आता बोटीच्या ओळखीचा, आणि तो जिवाशी येतो.

‘टायटॅनिक’ 10 एप्रिल 1912 ला दुपारी साउदॅम्प्टनहून सुटली. बोटीवर अंदाजे 2,200 माणसं. जीवरक्षक होड्या 20, त्यांत जागा 1,178 जणांना. हा हिशेब सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की प्रवाशांना कोणी होड्या नेमून दिल्या नव्हत्या, त्यांचा सरावही करून घेतला नव्हता. 14 एप्रिलच्या रात्री हिमनगावर आदळल्यानंतर पहिली होडी खाली सोडली, तेव्हा ती निम्म्याहून जास्त रिकामी होती! एवढी उजळलेली, भक्कम बोट सोडून काळ्या पाण्यात होडीत उतरायला लोक तयार होईनात. पंधराशेच्या आसपास माणसं गेली. पुढे जानेवारी 1914 मध्ये लंडनला समुद्रावरील सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला: होड्यांत सर्वांना जागा हवी, बिनतारी यंत्रावर अहोरात्र पहारा हवा.

कागदावर करार आला, म्हणून तो सगळ्या पाण्यांवर पोचला असं नाही. 17 जुलै 1947. दीप अमावास्येचा दिवस, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास थोडक्या तासांचा, त्यामुळे पहिला दिवस तोच शेवटचा दिवस. वादळी पावसात बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, आणि काशाच्या खडकाजवळ ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला वेळेवर कळलंच नाही. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. अलिबाग-रेवसच्या बाजूला आजही जुनी घरं ‘रामदास’चं नाव काढतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. प्रवाशाने सावध असावं हे ठीक, पण साधनंच नसतील तर सावधपणा काय करणार? पहिली जबाबदारी बोट चालवणाऱ्याची. प्रवाशाची जबाबदारी त्यानंतर सुरू होते.

आता तिसरी बोट. इथे साधनं होती, नियमही होता, तरी घात झाला. 13 जानेवारी 2012. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ संध्याकाळी इटलीतल्या चिव्हितावेक्किया बंदरातून निघाली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसं. त्या काळचा नियम असा, की नव्या प्रवाशांचा सराव बोटीवर आल्यापासून 24 तासांत घ्यावा. त्या बंदरात चढलेल्या सुमारे सातशे जणांचा सराव दुसऱ्या दिवशी ठेवला होता. बोट खडकावर आदळली ती निघाल्यापासून अडीच तासांत, लोक जेवत असताना. बोट सोडण्याचा हुकूम यायला आणखी तासाहून अधिक वेळ गेला. 32 माणसं दगावली. नियम मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. नियमातच 24 तासांची फट होती, आणि अपघात नेमका त्या फटीत घडला. त्यानंतर करार बदलला. 1 जानेवारी 2015 पासून हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावा लागतो.

त्याला ‘मस्टर ड्रिल’ म्हणतात. मस्टर आपल्याला ऑफिसच्या हजेरीपटामुळे ठाऊक आहे. इथेही अर्थ तोच, ठरल्या जागी गोळा व्हा आणि हजेरी द्या. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही खूण. लोक कंटाळतात, मोबाइल काढतात, बुफेकडे बघतात. पण तो अर्धा तास कोणीतरी फार महागात विकत घेतलेला आहे.

आपल्या वेदान्तात परोक्ष आणि अपरोक्ष ज्ञान असा भेद करतात. ऐकून, वाचून कळलेलं ते परोक्ष. स्वतः अनुभवून कळलेलं ते अपरोक्ष. केबिनच्या दारामागे लावलेला नकाशा हे परोक्ष ज्ञान झालं. केबिनपासून आपल्या मस्टरच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जाणं, दारं मोजणं, हे अपरोक्ष. दिवे गेले, बोट कलली, माणसं ओरडायला लागली, की नकाशा आठवत नाही. पायांना मात्र वाट आठवते.

तर मंडळी, पहिल्या दिवशी काय करावं? सामान धक्क्यावर दिलं की ते केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते. तेव्हा औषधं, चष्मा, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. आजही ‘प्रवासात हवं’ आणि ‘प्रवासात नको’ हा निवाडा आपल्यालाच करायचा आहे. बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी, आणि मळमळलं तर उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघावं. बोटीच्या मधल्या आणि खालच्या भागात हेलकावे कमी बसतात. बहुतेक लोक चढल्याबरोबर जेवणाच्या रांगेत जातात, त्या वेळात बोट फिरून घ्यावी: वरच्या डेकपासून खाली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. ग्रंथालय कुठे, शांत कोपरा कुठे, गुडघे दुखणाऱ्याला सोयीची लिफ्ट कुठली, हे त्याच फेरीत कळतं, आणि आपली मस्टरची जागाही त्याच फेरीत सापडते. सौभाग्यवती किंवा यजमान वर झोपले असतील, तर त्यांनाही उठवून एकदा ती वाट दाखवा. शाकाहारी असाल तर वाढणाऱ्याला पहिल्याच जेवणाला सांगा. आणि रात्री शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, त्याला नाव विचारा.

बोट सुटताना सगळे किनाऱ्याकडे बघतात, ते बघावंच. पण किनारा दिसेनासा झाला की पुढे आपलं गाव ती बोटच. नव्या गावात गेलो की आपण आधी पाणवठा विचारतो, वाट विचारतो, माणसं विचारतो. पहिल्या दिवशी बोटीवरही तेवढंच करायचं आहे.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.