पाटीवरचे नाव

मराठ्यांच्या इतिहासाचे चारदोन धडे ज्याने शाळेत गिरविले आहेत, त्यास पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटाचा एक अभिप्राय आठवत असतोच. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस निवर्तले, तेव्हा मराठी राज्यातील शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर गेला, असे ज्याने आपल्या सरकारास कळविले तो रेसिडेंट म्हणजे विल्यम पामर. हे नाव आले की वर्गात खसखस पिके. मराठीत ‘पामर’ कोणास म्हणतात हे वाचकांस सांगावयास नको.

आमच्या इतिहासग्रंथांत हा गृहस्थ तेवढ्या एका अभिप्रायापुरता येतो आणि नाहीसा होतो. मला तो पुन्हा भेटला तो अगदी अनपेक्षित स्थळी, म्हणजे लंडनमधील एका हिंदी खानावळीच्या हकिकतीत. आणि त्या दोहोंमध्ये जो पूल आहे तो आमच्या हैदराबाद-सिकंदराबादेतून गेलेला आहे.

पामर पुढे जनरलच्या हुद्द्यास पोचला. त्याची पत्नी फैज बक्ष ही मोगली संस्कारांत वाढलेली बेगम होती. जनरल, बेगम आणि मुले यांचे एक मोठे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ह्या दांपत्याचा मुलगाही विल्यमच. १७८० साली जन्मलेल्या ह्या मुलाने प्रथम निजामाच्या फौजेत नोकरी केली, पण त्याचे नाव झाले ते सावकारीत. ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही पेढी त्याने हैदराबादेस काढली. त्या वेळी गादीवर होते सिकंदरजाह, ज्यांच्या नावाने १८०६ पासून आमचे शहर ओळखले जाते. आणि कारभार होता राजा चंदूलाल यांच्या हाती. खजिना रिकामा, फौजेचा पगार थकलेला. पामरची पेढी पैसा पुरवी आणि मुलखाचा वसूल तारण म्हणून लिहून घेई.

येथे कायद्याचा एक मुद्दा आहे आणि तो माझ्या व्यवसायाचा असल्याने जरा रेंगाळतो. एतद्देशीय राजांस कर्ज देण्याची गोऱ्या प्रजाजनांस पार्लमेंटच्या १७९७ च्या कायद्याने मनाई होती. गव्हर्नर जनरलची संमती असल्यास गोष्ट निराळी. ही संमती पामरच्या पेढीस १८१६ साली मिळाली. पेढीत एक भागीदार होता सर विल्यम रम्बोल्ड, आणि रम्बोल्डची पत्नी म्हणजे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरी वाढलेली मुलगी. संमतीच्या कागदात काय लिहिले होते ह्यापेक्षा तो कागद कोणाच्या नात्याने निघाला, हा प्रश्न मग लोक विचारू लागले तर नवल काय? १८२० साली निजाम सरकारास साठ लाखांचे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्याने वह्या उलगडल्या. साठातले आठ लाख रुपये प्रत्यक्षात दिलेलेच नव्हते. ते पेढीचे ‘बक्षीस’ म्हणून मुदलात धरलेले होते. आमच्या इकडच्या भाषेत बोलायचे तर बावन्न देऊन साठांचा रोखा! हे प्रकरण हेस्टिंग्जच्या कीर्तीस चिकटले, लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांत त्यावर रणे माजली. उत्तर सरकार प्रांतांबद्दल कंपनी निजामास जी खंडणी देत असे, तिच्या बदल्यात एक मोठी रक्कम एकदम देऊन पेढीचे देणे भागविण्यात आले आणि पेढी थोड्याच काळात बुडाली. पामर मात्र हैदराबादेतच राहिला व १८६७ साली वारला. निजामाच्या राज्यात त्याच्या आडनावास जी कळा आली, ती सावकाराच्या आडनावास येते तशीच होती.

आता लंडनकडे वळू. ह्याच घराण्यातला एडवर्ड पामर, जनरलचा पणतू, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मसाल्यांचा व्यापार करीत होता. त्याने १८९६ साली काढलेल्या पेढीवर पामर हे नाव दिसत नाही. पेढीचे नाव ‘ई. पी. वीरास्वामी’, आणि बाटल्यांवरील लोणच्या-चटण्यांचा छाप ‘निजाम’! ज्या निजामास आजोबांच्या पेढीने कर्जात बुडविले, त्याच निजामाच्या पदवीवर नातवाने चटण्या विकाव्यात, हा दैवाचा विनोद मला फार आवडतो.

१९२४ आणि १९२५ ह्या दोन वर्षी वेम्ब्लेस साम्राज्याचे प्रचंड प्रदर्शन भरले होते. तेथील हिंदी भोजनव्यवस्थेशी एडवर्ड पामरचा संबंध होता. साहेबाला नीट रांधलेले हिंदी अन्न आवडते, आणि चांगले दामही तो मोजतो, हे तेथे सिद्ध झाले. १९२६ साली पामरने रीजंट स्ट्रीटवर उपाहारगृह उघडले, त्याचेही नाव ‘वीरास्वामी’. ते आजवरच्या ब्रिटनमधील हिंदी उपाहारगृहांत सर्वांत दीर्घायुषी ठरले. ते पहिले मात्र नव्हे. पहिल्याचा मान शेख दीन महंमद ह्या पाटण्याच्या गृहस्थाकडे जातो. त्याने १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदोस्तानी कॉफी हाऊस’ काढले, दोन वर्षांत दिवाळे काढले, आणि मग ब्रायटनला जाऊन चंपीचा व स्नानगृहांचा धंदा करून राजेरजवाड्यांत नाव कमावले. अन्न विकून जे साधले नाही ते अंग रगडून साधले.

परंतु मूळ प्रश्न असा की, पामर हे अस्सल इंग्रजी आडनाव घरचे असता त्याने वीरास्वामी हे नाव का घ्यावे? त्या काळी लंडनमध्ये हिंदी मनुष्यास घर भाड्याने मिळण्याची मारामार. पुष्कळांनी आपली नावे इंग्रजी वळणावर घासूनपुसून घेतलेली. हा एकटा उलट दिशेने चाललेला दिसतो. माझे मत असे की, तो व्यापारी होता आणि व्यापाऱ्यास जे कळते ते त्यास कळले होते. पामरच्या हातची करी कोण खाईल? गिऱ्हाईक पानातला पदार्थ खाण्याआधी पाटीवरचे नाव खात असते. १९३६ च्या सुमारास त्याने इंग्रजीत हिंदी पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेही वीरास्वामी ह्याच नावाने. दक्षिणेतले हे नाव आमच्या सिकंदराबादेच्या छावणीत पावलोपावली ऐकू येई. लंडनमध्ये त्या नावाच्या दारी फेटेवाले द्वारपाल उभे राहिले.

ह्याच १९२६ साली, तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सोहो भागातील डीन स्ट्रीटवर दुसऱ्या एका परक्याने आपली पाटी लावली. तो इटालियन होता. पेप्पिनो लेओनी हा उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराकाठचा मुलगा. १९०७ साली लंडनमध्ये आला, वाढप्याची कामे केली आणि वीस वर्षांच्या आत ‘क्वो वादिस’ ह्या उपाहारगृहाचा मालक झाला. त्याच रस्त्यावर कधीकाळी कार्ल मार्क्सने हलाखीत दिवस काढले होते. लेओनीने पाटीवर आपले नाव झाकले नाही. ‘लेओनीचे क्वो वादिस’ अशीच त्याची प्रसिद्धी. मात्र पाटीवर नाव इटालियन असले तरी पानात पुष्कळसे फ्रेंच वळणाचे असे, कारण तेव्हाच्या लंडनमध्ये उत्तम भोजन म्हणजे फ्रेंच भोजन अशी समजूत होती. इटालियन माणसाकडून इंग्रज जनता घेई ते आइस्क्रीम आणि कॉफी. स्पॅगेटीविषयी त्यांचे अज्ञान एवढे की १ एप्रिल १९५७ रोजी बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर झाडांवरून स्पॅगेटीचे पीक तोडताना दाखविले, आणि कित्येकांनी हे झाड कोठे मिळेल म्हणून विचारणा केली!

पाटीवर स्वतःचे नाव लावण्याची किंमत लेओनीस १९४० साली कळली. १० जूनला मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्या रात्रीच सोहोतील इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. सरकारने इटालियन पुरुषांस धरून नेले, त्यात तेहतीस वर्षे लंडनमध्ये काढलेला लेओनीही होता. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ज्यास धरले, त्यास हेबिअस कॉर्पसचे दारही इंग्रजी कायद्याने बंद होते. ज्या कायद्याचे गोडवे आम्ही विद्यार्थिदशेत गायिले, त्याच कायद्याने. कॅनडाकडे कैदी घेऊन निघालेली ‘अरँडोरा स्टार’ ही बोट २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडविली, तीत चारशेहून अधिक इटालियन मेले. त्यांत कालपरवापर्यंत लंडनच्या लोकांस जेवू घालणारे आचारी आणि वाढपी पुष्कळ होते. लेओनी सुदैवाने त्या बोटीवर नव्हता. तो सुटून आला आणि त्याने तीच पाटी पुन्हा उभी केली. हे धैर्य मोठे खरे. पुढे १९५०च्या दशकात एस्प्रेसो कॉफीची यंत्रे आली, एलिझाबेथ डेव्हिडबाईंचे इटालियन पाककलेवरील पुस्तक १९५४ मध्ये निघाले, १९५९ साली मारिओ आणि फ्रँको ह्या दोन वाढप्यांनी सोहोतच ‘त्रात्तोरिया तेर्रात्सा’ उघडले, आणि इटालियन अन्न अखेर आपल्या स्वतःच्या नावाने तेथे खपू लागले.

हिंदी अन्नाचे तसे झाले नाही, आणि मला ह्या सगळ्या इतिहासात बोचणारी गोष्ट हीच आहे. ब्रिटनच्या गावोगाव ‘इंडियन’ अन्न नेले ते वीरास्वामीने नव्हे. ते नेले सिल्हेटच्या खलाशांनी. आगबोटींच्या भट्टीत कोळसा ओढणारे, बंदरात बोट सोडून पळालेले, लंडनच्या हॉटेलांत भांडी घासून रांधण्यास शिकलेले हे लोक. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मोडकळीस आलेली चहाची व तळलेल्या माशांची दुकाने घेतली आणि रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली. पाट्यांवर नावे लावली ‘ताजमहाल’, ‘कोहिनूर’, ‘स्टार ऑफ इंडिया’. सिल्हेट १९४७ साली पाकिस्तानात गेले, १९७१ साली बांगलादेशात आले. आचाऱ्याचे पारपत्र दोनदा बदलले, पाटीवरचे ‘इंडियन’ मात्र बदलले नाही. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हे ब्रिटनचे खरे राष्ट्रीय पक्वान्न असल्याचे भाषणात सांगितले. त्या वाक्यात शाबासकी मिळाली पदार्थास आणि इंग्रजांच्या उदारतेस. सिल्हेटचा उल्लेख कोणी केला नाही.

आपल्या ज्ञातीच्या वाचकांस ह्यात आपलेही काही दिसेल. १९४२ साली ए. रामा नायक यांनी मुंबईस माटुंग्यात बोर्डिंग काढले, ते ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’. दक्षिण कानडा जिल्ह्यातून परमुलखात गेलेल्या ह्या माणसाने पाटीवर गावाचे नाव लिहिले आणि देवाचे. कारणही उघड आहे. घर सोडून आलेल्या कारकुनास अन्न कोणी शिजविले हा प्रश्न त्या काळी भुकेहून मोठा वाटे. उडुपीच्या कृष्णाचे नाव वाचले की सोवळ्याओवळ्याची शंका फिटे आणि तो निर्धास्तपणे केळीच्या पानावर बसे. नायक नावाने ती शंका फिटली असती की नाही, कोण जाणे. २०१० साली लंडनजवळ हॉन्स्लो येथे दोन मराठी तरुणांनी वडापाव विकावयास घेतला, तेव्हा त्यांच्याही पाटीवर आला तो श्रीकृष्णच. आमच्या सिकंदराबादेतील इराणी हॉटेले पाहा: ‘अल्फा’, ‘पॅराडाइज’, ‘गार्डन’. यज्द किंवा इस्फहानचा मागमूस नाही.

आमच्या देवळात समाराधना झाली की यजमानाचे नाव फळ्यावर लिहितात. रांदप्याचे लिहीत नाहीत, आणि कोकणीत ‘रांदपी’ म्हणून हाक मारताना त्याचे स्वतःचे नाव पुष्कळांस ठाऊकही नसते. मी स्वतः कित्येक वर्षे त्याच्या हातची दाळितोय जेवलो आहे. हा लेख लिहावयास बसलो तेव्हा त्याचे नाव आठवेना, आणि विचारण्याची लाज वाटली.

नावाचे मोल कायद्यास चांगले कळते. काही वर्षांपूर्वी दोन भाऊ आपल्या वाडवडिलांच्या खानावळीची वाटणी करावयास माझ्याकडे आले होते. तांब्यापितळेची भांडी, चुली, टेबले, भाड्याचा हक्क ह्यांची वाटणी एका दुपारीत झाली. नाव कोणी घ्यावे ह्यावर अकरा महिने गेले. दोघांच्याही मुखी एकच वाक्य होते की, नाव द्या आणि बाकी सर्व न्या. आचारी दोन्ही वेळा बाहेर बाकावर बसून होता. त्यास कोणाच्या वाट्यास जायचे हे कोणी विचारले नाही, आणि कागदपत्रे तयार करणाऱ्या वकिलासही, म्हणजे मला, ते सुचले नाही.

रीजंट स्ट्रीटवरील वीरास्वामी पामरच्या हातून १९३४ साली सर विल्यम स्टुअर्ड यांच्याकडे गेले. पुढे मालक बदलत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पंजाबी-मथरानी कुटुंबाने घेतले, आणि २०१६ साली त्यास मिशेलिनची तारका मिळाली. जो मालक आला त्याने भिंती रंगविल्या, खुर्च्या बदलल्या, पदार्थांची यादी नवी केली. नाव मात्र एकानेही बदलले नाही.