सर्व्हे नंबर : नकाशा आणि नोंद यांची गाठ

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, म्हटले की उपग्रह, संगणक आणि रंगीत नकाशे डोळ्यांपुढे येतात. पण या प्रणालीचे मर्म वेगळे आहे. जमिनीवरचा एक आकार आणि त्याच्याविषयीची माहिती एकाच खुणेने कायमची बांधलेली असणे, हे ते मर्म. ही गाठ महाराष्ट्रात संगणकाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी मारली गेली, आणि तिचे नाव सर्व्हे नंबर. 1830च्या आसपास ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी इंदापूर भागात केलेली मोजणी फसली. सदोष नोंदी आणि जाचक आकारणी यांमुळे शेते ओस पडली. त्यानंतर 1835-36मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने काम मांडले. पुढे 1847च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला मुंबई इलाख्यासाठी नियमांचे रूप दिले. त्यात शेताला हद्दीचे दगड आणि क्रमांक मिळाला. गावनकाशात जो क्रमांक, तोच दप्तरातही. धारक बदलला, पीक बदलले, तरी क्रमांक तोच राहिला.

त्या दप्तरातली माहितीही तेवढ्याच बारकाईने गोळा झाली होती. मोजणी 33 फुटांच्या साखळीने होई. साखळीचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रतबंदी करणारा, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा, कारकून शेताच्या रेखाटनावर सारखे चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनातल्या मातीची खोली व पोत पाहून प्रत लिही, आणि चुनखडी, वाळू, उतार यांसारख्या दोषांसाठी खुणा करी. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची. खोली कमी होत जाई तसे आणेही उतरत. सगळ्या चौकोनांची सरासरी काढून शेताची प्रत ठरे. जागेचे समान चौकोन पाडून प्रत्येकात एक मूल्य भरण्याची जी रीत आज रास्टर म्हणून शिकवतात, तिचे तत्त्व हेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की कागद स्वतः उत्तर देत नाही. मृदा, वने, वस्ती यांचे थर एकमेकांवर ठेवून प्रश्न विचारण्याची सोय 1960च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या कॅनडातील प्रणालीने दिली. हे खरेच आहे, आणि या झेपेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण थर जुळतात ते आधी कोणीतरी ठरावीक निकषांवर जमीन वर्गवारीत बसवलेली असते म्हणून. संगणक ते काम वेगाने वापरतो. ते आपोआप उपजत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे नकाशे गावागावापुरते होते, अक्षांश-रेखांशांशी बांधलेले नव्हते. म्हणून शेजारच्या गावांचे नकाशे जोडू गेल्यास शिवेवर फट राहते किंवा हद्दी एकमेकींवर चढतात. आजच्या उपग्रहाधारित मोजणीची गरज इथेच आहे. मात्र अचूक निर्देशांक हद्द कुठे आहे एवढेच सांगतात. ती जमीन कोणाची, तिच्यावर कोणता बोजा, हे नोंदच सांगते.

ही गाठ ढिली झाली की काय होते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1947च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला याचा मेळ जिथे नीट राहिला नाही, तिथे सातबारा एक सांगतो आणि नकाशा दुसरेच, आणि वाद पिढ्यान् पिढ्या चालतो. शिवाय हे दप्तर मुळात महसुलासाठी होते. सरकारला सारा हवा होता, म्हणून मातीची खोली बारकाईने मोजली गेली. पायवाट, पाणवठा, कुळाची वहिवाट यांना तेवढे स्थान मिळाले नाही. नोंद ठेवणाऱ्याची गरज नोंदीत उतरतेच. म्हणून नकाशांचे संगणकीकरण करताना केवळ रेषा गिरवून भागणार नाही. प्रत्येक जुन्या क्रमांकाची नव्याशी सांगड आणि प्रत्येक फेरफाराची तारीख सोबत ठेवली पाहिजे, आणि पूर्वी वगळलेल्या हक्कांना नोंदीत जागा दिली पाहिजे. तसे केले नाही, तर दीडशेहून अधिक वर्षांतल्या जुन्या चुका आपण फक्त अधिक अचूक निर्देशांकांवर नेऊन ठेवू.