शब्दवेध : फॉन्डंट

केकवर साखरेच्या निऱ्या पाडणाऱ्या बाईंचे हात मी परवा जवळून पाहिले. कॉर्नफ्लोअर भुरभुरून करंजीच्या पारीसारखी पातळ पोळी लाटली, ती चार लाकडी काड्यांवर पसरली, मधल्या फटींत वरून आणखी काड्या दाबल्या. काड्या काढून दोन्ही टोकं चिमटली, की पदराच्या चुण्या तयार! पाण्याचा ब्रश फिरवून त्या केकला चिकटवल्या. हलव्याचे दागिने आपल्याला जुने, हे साखरेचं कापड नवं.

या कापडाचं नाव मात्र गमतीचं. फ्रेंचमध्ये 'फाँद्र' म्हणजे वितळणं; त्यावरून फॉन्डंट, म्हणजे 'वितळणारा'. आधी हे नाव होतं तोंडात विरघळणाऱ्या मऊ गोळ्यांना आणि त्यांच्या आतल्या पांढऱ्या सारणाला. साखरेचा पाक सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळायचा, कोमट झाला की घोटत राहायचं. स्फटिक इतके बारीक होतात की जिभेला कण लागत नाही. लाटायच्या फॉन्डंटमध्ये जिलेटिन, ग्लुकोज, ग्लिसरिन घालतात, ते त्याला ताण यावा म्हणून. नाव तेवढं जुनंच राहिलं.

मूळ लॅटिन धातू 'फुंडेरे', म्हणजे ओतणं. चीजचं फॉन्ड्यू त्याच घरातलं. आणि संगणकावरचा फॉन्टसुद्धा! छापखान्यातले खिळे शिसं वितळवून ओतत, म्हणून.

बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "वितळणारा? फ्रिजमधून काढून पावसाळ्यात ठेवून बघा, लगेच घाम फुटतो त्याला."