नेमोची पाणबुडी आणि पवनेचे पाणी

ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो हा साहित्यातील खासगी पाणबुडीचा सर्वांत प्रसिद्ध मालक. आणि तो भारतीय आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. 1869-70 सालच्या कादंबरीत त्याचे मूळ झाकलेलेच राहते. व्हर्नला तो रशियाशी वैर धरलेला पोलिश सरदार करायचा होता, पण प्रकाशक एत्झेलला ते मानवले नाही. पुढे 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये (1874-75) तो 1857च्या उठावात सर्वस्व गमावलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचा उलगडा होतो. जमिनीवरचे राज्य गेलेला माणूस पाण्याखाली जातो, कारण तिथे कोणाचाच कायदा पोहोचत नाही, असा त्याचा विश्वास आहे. मात्र त्याची नॉटिलस अखेर अडकते ती एका गुहेतल्या कोंडलेल्या पाण्यात. तोंडाशी बसाल्टचा खडक वर आलेला असतो आणि समुद्राकडची वाट कायमची बंद होते.

बसाल्टने वेढलेले कोंडलेले पाणी मावळात काही कमी नाही. समजा, कोणा हौशी माणसाने अशा पाण्यात पाणबुडी उतरवायची ठरवली. प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. अमेरिकेत छंद म्हणून एकदोन माणसांच्या पाणबुड्या घरच्या घरी बांधणारे लोक आहेत. पोलाद वाकवणारे, सांधणारे, दाबाला टिकणारी भांडी घडवणारे कसबी हात तर भोसरीपासून चाकणपर्यंत जागोजागी सापडतील. पाणबुडी होईल, पण तिला पाणी कोण देणार?

कायद्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. 1917 सालचा कायदा मुळात वाफेच्या अंतर्देशीय नौकांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या 2021च्या अधिनियमाने सर्व प्रकारची जलयाने आपल्या कक्षेत घेतली आणि यंत्रावर चालणाऱ्या नौकेला तपासणी व नोंदणी आवश्यक केली. परंतु धरणाच्या पाण्यावर त्याहून जुन्या परंपरेचा अंमल आहे. 1879चा मुंबई पाटबंधारे अधिनियम आणि त्याच्या जागी आलेला 1976चा महाराष्ट्राचा अधिनियम, या दोहोंच्या 'कालवा' या शब्दाच्या व्याख्येत जलाशयही मोडतो. म्हणजे तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी पसरलेले पवनेचे पाणी कवीला सरोवर, पर्यटकाला 'पवना लेक' आणि कायद्याला मात्र कालवा! कालवा म्हटला की खाते आले, आणि खाते आले की परवानगी आली.

तिसरा पदर 1923च्या शासकीय गुपिते अधिनियमाचा. पाणीपुरवठ्याची वा विजेची ठिकाणेसुद्धा अधिसूचना काढून त्याखाली 'निषिद्ध' ठरवता येतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयातला नौकाविहार याच कायद्याच्या धाकाने दीर्घकाळ बंद राहिला. मुनावळे येथे जलपर्यटन सुरू झाले ते 2024 साली.

1923 हे साल मावळचा इतिहास वाचणाऱ्याला आणखी एका कारणाने थबकवते. मुळशीचा सत्याग्रह तेव्हा चालू होता. 1921च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. पुण्याच्या सावकारांना जमिनीचा मोबदला हवा होता आणि कसणाऱ्या कुळाला जमीनच हवी होती. लढ्यातली ही चीर राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात नेमकी दाखवून दिली आहे. सत्याग्रह 1924पर्यंत चालला व हरला. पाणी टाटांच्या वीजकेंद्रासाठी अडवले गेले. त्या तलावाला 'सार्वजनिक' म्हणताना आजही जीभ अडखळावी.

पवनेचे धरण सरकारी, 1972 साली पूर्ण झालेले. धारणक्षमता सुमारे 8.5 टीएमसी. नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याशी उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. कारखाने आणि कामगारवस्त्या यांचा सगळा पसारा त्यावर उभा आहे. ज्यांची शेते या पाण्याखाली गेली त्या 1203 खातेदारांपैकी 340 जणांचे पुनर्वसन झाले. उरलेल्या 863 जणांचा प्रश्न पुढे अर्धे शतक रेंगाळला. त्यातच धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनीची योजना आली. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ तिला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला.

या हिशेबात हौशी पाणबुडीवाल्याची तक्रार फारच किरकोळ आहे, आणि त्याला अडवणे योग्यच, असे माझे मत आहे. कारण साधे आहे. धरणाच्या भिंतीलगत पाणी भरल्या वेळी सुमारे 40 मीटर खोल असते. दर 10 मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. तेव्हा तळाशी अर्ध्या चौरस मीटरच्या झाकणावर सुमारे 20 टन भार पडेल. 2023च्या जूनमध्ये टायटन ही पाणबुडी अटलांटिकमध्ये चिरडली गेली आणि पाच जण मरण पावले. कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचे प्रमाणीकरण झालेले नव्हते. शिवाय आपल्याकडे बुडालेल्याला शोधायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक स्वतःचा जीव धोक्यात घालून उतरतात. दुसऱ्याच्या हौसेपायी त्यांनी का उतरावे?

पटत नाही ते एवढेच की मज्जाव करताना 'सार्वजनिक जलाशय' हा शब्द आपण फार सहज वापरतो. मुळशी असो, पवना असो की चाकणजवळचे भामा-आसखेड, पहिला मज्जाव झाला तो तळाशी घर असलेल्याला. पाणबुडीची कल्पना मला मोलाची वाटते ती यासाठी. नौकाविहाराचा विचार करणारा पृष्ठभागावर थांबतो. पाणबुडीचा विचार करणाऱ्याला मात्र खाली काय आहे, असे विचारावेच लागते.

पवनेत खाली वाघेश्वराचे दगडी मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळातून आधी वरचा भाग आणि मग भिंती दिसू लागतात. लोक तिथवर चालत जातात, शिवाला फुले वाहतात आणि पावसाळा लागून पाणी चढू लागले की परत वर येतात.